रात्रभर उभी राहिली की जुनी डिझेल पिकअप एअर घेते: हवा शिरते कुठून ते शोधायचं कसं

लक्षण ओळखीचं आहे. घरच्या शेडमध्ये जुनी पिकअप पुन्हा उभी केली, इंजिन बांधून झालं, पत्रा आणि रंग झाला. दिवसभर गाडी झकास चालते. बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर अर्ध्या फेऱ्यात उठते. सकाळी मात्र सेल्फ फिरत राहतो, बॅटरी उतरायला लागते आणि इंजिन दाद देत नाही. बॉनेट उघडून हँड पंप (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारला, एअर म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढली की लगेच सुरू. दुसऱ्या सकाळी तीच गत. गॅरेजवाला येतो, फिल्टर बदलतो, बोल्ट आवळतो, दोन-चार दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

हा त्रास वर्षानुवर्षं टिकतो त्याचं कारण एकच: सगळे जण डिझेल कुठून टपकतंय ते शोधत बसतात. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे फट असली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. उसाच्या रसाच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक पडलं तर रस वर चढत नाही, पण भोकातून गळतही नाही, तसंच हे. इंजिन चालू असताना ती थोडीशी हवा डिझेलबरोबर वाहून जाते, जाणवत नाही. इंजिन बंद झालं की त्याच फटीतून हवा शिरते, लाइनमधलं डिझेल उलटं टाकीकडे उतरतं, आणि सकाळी पंपासमोर रिकामी नळी असते. म्हणून कोरडा ठणठणीत दिसणारा जॉइंटही संशयाबाहेर ठेवू नका.

आधी खात्री: हवाच आहे ना?

पार्ट बदलण्याआधी एक सकाळ नुसती बघण्यात घालवा. कोणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभं करा आणि सेल्फ मारा. धूर अजिबात येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही, म्हणजे आपला विषय बरोबर आहे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्याआधी तापवणारे), कॉम्प्रेशन, पंपाचं टायमिंग किंवा सेल्फ हळू फिरणं यांपैकी काहीतरी आहे, आणि लाइन खोलून काही हाती लागणार नाही. जुन्या इंजिनात हे दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. तेव्हा पांढरा धूर असेल तर आधी हीटर प्लग एकेक करून तपासा, मग इकडे या.

दुसरी खूण हँड पंपाची. सकाळी पहिले पाच-सहा दट्टे हलके, पोकळ जातात आणि मग एकदम जड होतात? म्हणजे लाइन रिकामी झाली होती. पहिल्या दट्ट्यापासूनच जड लागतो आणि तरीही गाडी उठत नाही? मग लाइन भरलेली आहे, दोष पुढे पंपात किंवा नोझलमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आहे. हे हाताला कळतं, कुठलंही यंत्र लागत नाही.

पंप कोणता ते बघा, कारण शोधाची जागा त्यावर ठरते

आपल्याकडच्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये दोन प्रकार भेटतात. पंपातून नोझलकडे जाणारे चार लोखंडी पाइप एका सरळ रांगेत निघत असतील तर तो लाइन पंप. एकाच डोक्यातून गोलाकार निघत असतील तर रोटरी. १९८८ साली आलेली टाटामोबाइल, १९८६ पासूनची टाटा ४०७, महिंद्राच्या जीपवर बेतलेल्या पिकअप, या सगळ्यांची इतकी इंजिनं अदलाबदल झालेली आहेत की मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका. बॉनेट उघडून बघा.

लाइन पंपाच्या कुशीला छोटा फीड पंप असतो. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमध्ये ढकलतो. म्हणजे टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग, आणि फिल्टर ते मोठा पंप हा दाबाचा. फिल्टरच्या जॉइंटला फट असेल तर इंजिन चालू असताना तिथे ओल येते, त्यामुळे ती सापडायला सोपी.

रोटरी पंपाचं तसं नाही. बहुतेक गाड्यांवर वेगळा फीड पंप नसतोच. रोटरीच्या पोटातला पात्यांचा पंप थेट टाकीतून ओढतो. त्यामुळे फिल्टर, त्याच्या डोक्यावरचा हँड पंप, फिल्टरच्या तळाचा पाणी काढायचा स्क्रू, हे सगळं ओढीखाली येतं. फिल्टरच्या रबरात केसाएवढी फट असली तरी बाहेर थेंब दिसणार नाही. फिल्टर कोरडा आहे म्हणजे चांगला आहे, हे लाइन पंपाच्या गाडीला बऱ्यापैकी लागू पडतं. रोटरीला अजिबात नाही.

पाना हातात घेण्याआधीच्या तीन गोष्टी

टाकीची पातळी. टाकी भरलेली असताना गाडी सकाळी नीट उठते आणि निम्म्याखाली आली की त्रास सुरू होतो, असं होतंय का ते आठवा. तसं असेल तर टाकीच्या आतला ओढीचा पाइप गंजून वरच्या भागात भोक पडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. पातळी भोकाच्या वर असेपर्यंत तो डिझेलच ओढतो, खाली गेली की हवा. हा दोष बाहेरून कितीही आवळाआवळी केली तरी जात नाही. टाकीवरचं युनिट बाहेर काढून पाइप नखाने दाबत पाहावा लागतो. पावसाळी गावात बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत तर ही तपासणी मी सगळ्यात आधी करतो.

टाकीचं झाकण. गाडी तासभर चालून दम सोडते आणि झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकी रंगवताना झाकणावरही रंगाचा हात फिरतो आणि भोक भरून जातं, किंवा बाजारातून भोक नसलेलं झाकण येतं. मग टाकीत पोकळी तयार होते, ओढ वाढते, आणि एरवी हवा न घेणारा जॉइंटही हवा घ्यायला लागतो. झाकण सैल ठेवून एक दिवस चालवून बघा, खर्च शून्य.

उतार. ही चाचणी माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाते. टाकी तोंडोतोंड भरा आणि गाडी रात्रभर नाक खाली करून उतारावर लावा. चाकांना चांगले दगड लावा, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नका. आता टाकीतली पातळी निदान चॅसीवरच्या लाइनपेक्षा तरी वर राहते. जी फट आजवर हवा ओढत होती तिच्यातून आता डिझेल बाहेर झिरपतं. सकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली जा. थेंब शोधू नका, ओल शोधा. गाडीखाली कुठेच ओल नाही, तर फट बहुधा वरच्या भागात आहे: फिल्टर, हँड पंप किंवा मोठा पंप.

आमच्या टाटामोबाइलवर दोष असाच सापडला. आम्ही साताऱ्याच्या पश्चिमेला, घाटाच्या कडेला राहतो. पाऊस चार महिने हटत नाही. केबिनच्या मागे, चॅसीच्या आडव्या पट्टीजवळ डिझेलचा लोखंडी पाइप पत्र्याच्या क्लॅम्पमध्ये धरलेला असतो. क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी, आणि पट्टी-पाइपच्या मध्ये जुना चिखल. तो कधी पूर्ण वाळत नाही. बाहेरून पाइप सरळ, गुळगुळीत, वर रंगही शाबूत. नाक खाली करून रात्र काढल्यावर क्लॅम्पच्या खालच्या कडेला धुळीचा एक डाग आजूबाजूपेक्षा गडद दिसत होता, नखाएवढा. बोटाने पुसला तर तेलकट. क्लॅम्प खोलून रबर सरकवलं, पाइपवर गंजाचे खळगे होते. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला आणि एका खळग्यातून डिझेलचा मणी हळूहळू फुगत बाहेर आला. पुसला की पुन्हा. एवढ्याशा भोकापायी त्या गाडीचे दोन फिल्टर आणि हँड पंप बदलून झालेले होते, आधीच्या मालकाच्या काळापासून.

म्हणून सांगतो, प्रत्येक क्लॅम्प खोला. पाइप जिथे झाकलेला असतो तिथेच सडतो.

डब्याची चाचणी, आणि ती कशी करू नये

उताराने उत्तर मिळालं नाही तर गाडी दोन भागांत तोडून बघायची. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा. टाकीकडून येणारी नळी पुढच्या टोकाला सोडवा, तिच्या जागी नवी रबरी नळी लावून तिचं टोक डब्याच्या तळाशी पोचवा. रिटर्नची नळीही डब्यात सोडा, टोक डिझेलमध्ये बुडलेलं हवं. एअर काढा, गाडी सुरू करा, बंद करा आणि रात्रभर ठेवा.

इथे बहुतेक ठिकाणी गफलत होते. डबा किंवा बाटली बॉनेटला टांगतात. गाडी सकाळी सुरू होते, आणि निदान ठरतं की टाकीत दोष आहे. बाटली वर टांगली की डिझेल आपल्या वजनाने खाली येतं, ओढच उरत नाही. फट फिल्टरमध्ये असली तरी गाडी सुरू होणारच. त्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही, आणि लोक टाक्या बदलत बसतात. डबा जमिनीवर ठेवा. त्यातली पातळी गाडीच्या टाकीच्या पातळीएवढी किंवा त्याहून खाली हवी. अशी ठेवून गाडी सकाळी उठली तर दोष टाकी आणि चॅसीवरच्या लाइनमध्ये आहे. नाही उठली तर तो पुढे, फीड पंप, फिल्टर किंवा मोठ्या पंपात आहे. एका रात्रीत अर्धी गाडी संशयातून सुटते.

मग पारदर्शक नळी. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती नळी चाचणीपुरती चालते. ती आधी फीड पंपाच्या तोंडाशी (रोटरी असेल तर पंपाच्या तोंडाशी) लावा आणि इंजिन चालू असताना बघा. एअर काढल्यानंतर पहिल्या मिनिटात बारीक बुडबुडे दिसले तर घाबरू नका, ते आत राहिलेले असतात. पाच मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर नळीच्या मागच्या बाजूने हवा येते आहे. मग नळी एक जॉइंट मागे सरकवा. ज्या जॉइंटच्या पुढे बुडबुडे दिसतात आणि मागे दिसत नाहीत, तो तुमचा जॉइंट.

चॅसीवरच्या लोखंडी लाइनला साबणाचं पाणी उत्तम. लाइन दोन्ही टोकांना सोडवा, डिझेल काढून घ्या, एक टोक बोल्ट घालून बंद करा, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप. दोन-तीन दट्टे पुरेत. भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावत जा. कॉम्प्रेसरची हवा सोडू नका, आणि टाकीत तर हवा अजिबात भरू नका. जुन्या टाकीची शिवण सुटते.

नव्याने उभ्या केलेल्या गाडीतले नेहमीचे चोर

इथून पुढचं सगळं चालत्या गाडीला कमी आणि खोलून बांधलेल्या गाडीला जास्त लागू आहे. खोलणं-बांधणं यातच हवेला वाट मिळते.

तांब्याचे वॉशर. बँजो बोल्ट म्हणजे नळीच्या टोकाची गोल कडी धरणारा, आतून पोकळ बोल्ट. त्या कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मग माणूस आणखी जोर लावतो आणि बोल्टचे आटे जातात. नवे वॉशर काही रुपयांना मिळतात, जुना नमुना दाखवून घ्या. आडगावात नसतील तर जुने गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं. वरची काळी पापडी पॉलिश पेपरने घासून काढा, आणि दोन्ही बाजू काचेवर ठेवून सपाट आहेत का ते बघा. बँजोला टेफ्लॉन टेप कधीही लावू नका. बँजो आट्यांवर सील होत नाही, वॉशरवर होतो, आणि टेपचा तुकडा सुटून पंपात गेला तर हजारांचं काम निघतं.

रंग. घरी गाडी करणारे मनापासून रंगवतात, आणि फिल्टरचं डोकं, बँजो बसायची जागा, फीड पंपाचा माथा यांवरही कोट चढतो. वॉशरखाली रंग असेल तर आज सील होतं, चार आठवड्यांत इंजिनच्या गरमीने आणि डिझेलने रंग सुटतो आणि हवा सुरू. ‘महिनाभर छान चालली आणि मग बिघडली’ ही तक्रार ऐकली की मी आधी तिथलाच रंग बघतो. जिथे वॉशर किंवा रबर टेकतं ती जागा उघडी, स्वच्छ धातूची हवी.

फिल्टरचं रबर. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर डोक्याच्या खाचेत चिकटून राहतं. ते काळं, खाच काळी, कळत नाही. त्यावर नवं रबर बसतं. दोन रबरं एकावर एक कधीच सील होत नाहीत. खाचेत टोकदार लाकडी काडी फिरवून बघा. स्क्रूड्रायव्हरने खाच ओरखडू नका.

रोटरी पंपाचे दोन बोल्ट. पंपाच्या आवकीचा बोल्ट आणि रिटर्नचा बोल्ट दिसायला जवळजवळ सारखे असतात. रिटर्नच्या बोल्टवर आउट असं कोरलेलं असतं आणि त्याचं भोक फार बारीक असतं. पंपाच्या आतला दाब त्या बारीक भोकावरच टिकतो. बांधताना हे दोन्ही बदलले गेले तर आवकीला डिझेल अपुरं पडतं आणि आतला दाब राहत नाही. गाडी सुरू व्हायला त्रास देते, दम धरत नाही, आणि सगळ्यांना वाटतं की पंप गेला. पंप उतरवण्याआधी हे दोन बोल्ट काढून हातात घेऊन बघा.

रिटर्न लाइन. हिच्याकडे कोणी बघत नाही. तिचं टाकीतलं टोक डिझेलमध्ये बुडलेलं असावं लागतं. आतला पाइप गंजून तुटला की रिटर्नच्या वाटेने हवा वर चढते आणि पंप रिकामा होतो. नोझलवरच्या छोट्या विणलेल्या नळ्याही बदला. त्या कडक होऊन भेगाळतात, बोटाने दाबल्या तर कडकड वाजतात.

टाकीची जाळी. टाकी बाहेरून रंगवून आतून तशीच ठेवली तर गंजाचे पापुद्रे सुटत राहतात आणि ओढीच्या तोंडाची जाळी बुजवतात. वाट अडली की ओढ वाढते, ओढ वाढली की कमजोर जॉइंट हवा घेतो. त्यामुळे टाकी आतून साफ केल्याशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नाही. थोडं डिझेल आणि बारीक, स्वच्छ खडी घालून टाकी हलवायची, धुवायची, पुन्हा हलवायची, खडी मोजून बाहेर काढायची. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको. रिकाम्या डिझेल टाकीतली वाफही भडका घेते. रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणाऱ्याकडे न्या.

फीड पंपाचे व्हॉल्व्ह. फक्त लाइन पंपाच्या गाडीला. आत दोन छोटे एकमार्गी व्हॉल्व्ह असतात. त्यांच्याखाली गंजाचा कण अडकला की डिझेल रात्री मागे उतरतं. फीड पंप सोडवून आवकीच्या तोंडावर बोट ठेवा आणि हँड पंपाचा दट्टा ओढा. बोट चिकटून राहायला हवं. लगेच सुटलं तर व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि दट्ट्याचं रबर यांचं किट टाका. हाताने पंप मारून झाल्यावर त्याची मूठ पूर्ण आवळलेली हवी, सैल मुठीतूनही हवा जाते. आणि इंजिन ऑइलची काडी तपासा. पातळी आपोआप वाढत असेल, ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाच्या दांड्यातून डिझेल आत जातंय. अशा ऑइलवर गाडी चालवू नका, बेअरिंगं जातील.

रबर आणि आजचं डिझेल

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘इतकी वर्षं चाललेली सील आताच का गळतात’ हा प्रश्न सारखा येतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (सरकारच्या प्रदूषण नियमांचा सहावा टप्पा) डिझेल आहे. त्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती, आणि आपल्या गाड्या नव्या होत्या तेव्हाच्या डिझेलमध्ये सल्फर याच्या कितीतरी पट. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले अॅरोमॅटिक घटकही कमी होतात. जुनी नायट्राइल रबरं त्या घटकांमुळे थोडी फुगून आपल्या जागी घट्ट बसलेली असतात. नव्या डिझेलमध्ये ती आकसतात, आणि जुनं, कडक झालेलं रबर आकसलं की परत फुगत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हाही जुन्या पंपांची सील गळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) बदलताना व्हिटॉन या डिझेलला टिकणाऱ्या रबराच्या मागा. किंमत थोडी जास्त, पण पुन्हा खोलायची वेळ येत नाही.

रोटरी पंपात याचा फटका बसतो तो अॅक्सिलरेटरच्या लिव्हरच्या दांड्याला. दांडा पंपाच्या माथ्यातून वर येतो, त्याच्याभोवती ओ-रिंग असते, आणि इतक्या वर्षांच्या हालचालीने दांड्याची जागाही झिजलेली असते. दांड्याच्या मुळाशी पुसून कोरडं करा, इंजिन चालू करून लिव्हर हाताने हलवा. ओल आली, किंवा लिव्हर आडवा ढकलल्यावर इंजिनचा आवाज बदलला, तर हवा तिथून जाते. हे काम मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही करू नका. माथा उघडताना आतला गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) सुटला तर पंप तपासणीच्या बेंचवर लावावाच लागतो. पंप-नोझलवाल्याकडे द्या. पंपाच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर आधी लिहून घ्या. पट्टीवर मायको असेल तरी किट बॉशच्या नावाने शोधा. बेंगळुरूची ही कंपनी १९५१ ची, तिचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं.

रबरी नळ्यांबद्दल एवढंच: पाइपच्या मापाचीच नळी घ्या, डिझेलसाठी बनवलेली. मोठी नळी क्लिप पिळून घट्ट केली की तिला चुणी पडते आणि चुणीतून हवा जाते. लोखंडी पाइपचं टोक गंजाने खडबडीत झालं असेल तर वर कितीही चांगली नळी चढवा, फायदा नाही. टोक कापून टाका किंवा पाइप बदला. नवीन पाइप तांब्याचा करू नका. चॅसीच्या हादऱ्याने तो कडक होऊन चिरतो.

एअर काढताना

क्रम टाकीकडून पुढे. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, फेस संपून सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर आधी टाकीकडचा, मग दुसरा. मग मोठ्या पंपाचा स्क्रू. एवढ्यावर बहुतेक गाड्या उठतात. नाहीच उठली तर दोन नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये मिनिटभर थांबा.

नोझलची धार हातावर घेऊन कधीही बघू नका. ती शंभर बारच्या वरच्या दाबाने सुटते आणि कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखंच दिसतं, पण आत डिझेल पसरत जातं आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

जे मी करू देत नाही

फट न शोधता लाइनमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. चाचणीपुरता ठीक. कायमचा ठेवला तर फट तशीच वाढत राहते आणि एक दिवस चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं, तेही घाटात चढावर. इलेक्ट्रिक पंप बसवून लाइन दाबावर घेणं त्याहून वाईट: आता त्याच फटीतून डिझेल बाहेर फवारणार, आणि शेजारी गरम सायलेन्सर आहे. जॉइंटवर पुटी थापणं म्हणजे पुढच्या माणसाला दोष दिसू नये अशी सोय.

आणि पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरला लावून गाडी सुरू करणं बंद करा. हीटर प्लग तापलेले असताना ते पेट्रोल वेळेआधीच पेटतं. पिस्टनच्या रिंगा तुटतात, हात भाजतात. शेडमध्ये डिझेल सांडलेलं असतं, वायरी उघड्या असतात. वाळूची बादली दाराशी ठेवा, आत नको.

काम झालं हे कधी मानायचं

जॉइंट आवळल्यावर दुसऱ्या सकाळी गाडी सुरू झाली यावर समाधान मानू नका. सगळ्यात अवघड स्थिती मुद्दाम तयार करा: टाकी पाव भरलेली, नाक चढाला, आणि गाडी सलग दोन रात्री उभी. हँड पंपाला हात न लावता पहिल्या सेल्फला उठली, आणि पारदर्शक नळीत डिझेल काठोकाठ दिसलं, तर फट बंद झाली. उठली पण दोन क्षण चालून अडखळली, तर थोडी हवा अजून शिरते आहे. उताराच्या चाचणीपासून पुन्हा सुरू करा, या वेळी उरलेल्या क्लॅम्पांपासून. सगळं ठीक निघालं की पारदर्शक नळी काढून तिथे डिझेलची रबरी नळी नव्या क्लिपांसह बसवा. लेव्हलची नळी डिझेलमध्ये काही आठवड्यांत कडक होते आणि क्लिपपाशीच चिरते.